गिअरबॉक्स ट्यूनच्या नावाखाली २८ हजारांचा चुना

माझी २०१६ची पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ टर्बो पेट्रोल, ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडीबद्दल तक्रार काही नव्हती, फक्त डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह मोडमध्ये, ती गिअर लवकर लवकर वर टाकते आणि ओव्हरटेकला पाय दाबला की खाली यायला जरा विचार करते, तेवढंच खटकायचं. भोसरीकडच्या एका ट्यूनरची, म्हणजे गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याची, रील दिसली, शिफ्ट टाइम निम्मा, शिफ्ट एकदम फर्म, लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब) वाढवून देतो वगैरे. खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. लाइन प्रेशर वाढवून शिफ्ट कडक करायची ही गोष्ट टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकची, तिथे आतले क्लच तेलाच्या दाबाने धरतात. माझ्या डीएसजीमध्ये, म्हणजे डीक्यू२०० मॉडेलमध्ये, दोन कोरडे क्लच, तिथे टीसीयूच्या (गिअरबॉक्सच्या कंप्युटरच्या) फाइलमध्ये बदलतात ते शिफ्ट पॉइंट, टॉर्क लिमिट आणि क्लच किती पटकन, किती घट्ट धरायचा ते. पण हे ज्ञान पैसे गेल्यावरचं.

२८ हजार, तेही यूपीआयने त्याच्या पर्सनल खात्यावर, बिल मागितलं तर म्हणे दादा बिल केलं तर १८ टक्के वर जातील. मी गप्प बसलो. लॅपटॉप जोडला, मला बाहेर चहा प्यायला पाठवलं, तासाभरात काम झालं. मग बायपासवर डेमो, गाडी तो स्वतः चालवत होता, मी शेजारी, मागे मित्र व्हिडिओ काढतोय. आणि गाडी खरंच पळाली हो, गिअर लांबपर्यंत ओढत होती, खाली पटकन येत होती, मी तर खूश.

घरी येताना मी चालवली तर तेवढी मजा नाही, पण शिफ्ट वेगळ्या लागत होत्या हे नक्की, म्हटलं सवय होईल. आठ-दहा दिवसांत गाडी होती तशी झाली. त्याला फोन केला तर, दादा टेन्शन नका घेऊ, गिअरबॉक्स लर्न करतोय. लर्न करतच होता, फक्त जुनंच. नंतर कळलं की त्याने बहुतेक अ‍ॅडॅप्टेशन उडवून बेसिक सेटिंग मारलं होतं. क्लच नेमका कुठे धरतो हे टीसीयू वापरातून शिकत असतो, ते पुसलं की काही दिवस शिफ्ट वेगळ्या वाटतात, मग परत जागेवर येतात. हे काम व्हीसीडीएसची (गाडीचे कंप्युटर तपासायच्या सॉफ्टवेअरची) केबल असलेला कुणीही पंधरा मिनिटांत करतो.

माझ्या आतेभावाकडे ती केबल आहे. त्याने ०२ नंबरचं, म्हणजे गिअरबॉक्सचं मॉड्यूल उघडलं, सॉफ्टवेअर व्हर्जन जुन्या स्कॅनमध्ये होतं तेच. तो म्हणाला यावरून काही सिद्ध होत नाही, खऱ्या ट्यूनमध्येही कधी कधी व्हर्जन तेच राहतं, तू ओरिजिनल आणि ट्यून केलेली अशा दोन्ही फाइल माग. मागितल्या. आठवडाभर आज देतो उद्या देतो करून एकदाच्या पाठवल्या, नावं वेगवेगळी, दोन्ही शेजारी ठेवून कम्पेअर केल्या तर एका बाइटचा फरक नाही. विचारलं तर म्हणे एन्क्रिप्शन आहे दादा, दिसणार नाही. त्यानंतर ब्लॉक.

कुणी करून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी स्कॅन घ्या, आधीची फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या, फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल गाडीत टाकताना, समोर उभे राहा आणि डेमो ड्राइव्ह स्वतः डी मध्ये करा. शेवटचं का सांगतोय, तर मित्राचा व्हिडिओ परवा नीट पाहिला. डायलवर डी नाही, एस आहे. बाबाने लिव्हर गुपचूप स्पोर्टला टाकली होती आणि मी आरपीएमकडे बघत वा वा करत होतो.

तोच व्हिडिओ मी त्याला कौतुकाने पाठवला होता, त्याने तो रील म्हणून टाकलाय. नंबर प्लेट ब्लर केलीय, एस तसाच दिसतोय.