आठ महिन्यांत तीनदा रिफंड मागितला, त्याचा अनुभव

गेल्या जूनमध्ये पीसी घेतला. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. इथं गेमची डबी विकणारं दुकान नाही, त्यामुळे सगळी खरेदी ऑनलाइन. आठ महिन्यांत अकरा गेम घेतले, तीन परत करायला काढले.

पहिला गाड्यांच्या शर्यतीचा. माझ्या ग्राफिक्स कार्डवर तो अडखळत चालायचा. चाळीस मिनिटं खेळून बंद केला, मदतीच्या पानावर कारण निवडलं, दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळपर्यंत पैसे वॉलेटमध्ये जमा. दुसऱ्या गेमचे पैसे बँकेत मागितले, ते सहाव्या दिवशी आले. कुणी उलटतपासणी घेतली नाही.

थोरल्या भावाचं बेळगावात खडेबाजारात कापडाचं दुकान आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "काय सांगतोस? वापरलेला माल परत घेऊन पैसे दिले? देवमाणसं म्हणायची की!" त्याच्या बिलावर छापलेलंच असतं, माल बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत.

दादाचं बोलणं बरेच दिवस डोक्यात राहिलं. पण त्याच्याकडे साडी परत आली तर घडी मोडलेली असते आणि सण उलटला की ती पडून राहते. तो तोटा खरा. गेम परत केला की माझ्या खात्यातून काढून घेतात, संपलं. कपाटात काहीच परत येत नाही. खरी झळ लागते ती छोट्या गेमवाल्यांना. दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळून पैसे मागणारे लोक आहेत. ती मी चोरीच मानतो.

आणि ही सोय कुणी आपखुशीने दिली असंही नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत मागितले आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, हा नियम जून २०१५ मध्ये आणला. त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने रिफंडच्या प्रश्नावर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं. २०१६ मध्ये कोर्टाने ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. माझ्या मते पहिला नमस्कार त्या आयोगाला. सोनीने २०२४ मध्ये कॉन्कॉर्ड हा गेम दोन आठवड्यांत बंद करून सगळ्यांचे पैसे परत दिले, तेव्हाही वाहवा करणारे होते. अहो, खेळायला गेमच उरला नाही, मग पैसे ठेवून घेणार कशाचे?

मनापासून कौतुक करावं असं मला एकच दुकान दिसतं, जीओजी. तिथल्या गेमला कुलूप नसतं, फाईल कायमची आपल्याकडे राहते. म्हणजे पैसे परत घेऊनही एखादा खेळत बसू शकतो. तरी २०२० पासून ते ३० दिवसांपर्यंत, डाउनलोड करून खेळलेल्या गेमचेही पैसे देतात. गिऱ्हाइकावर एवढा विश्वास टाकायला धाडस लागतं.

आता तिसरा रिफंड. तो एका वेगळ्याच दुकानातला. जूनअखेरच्या सेलमध्ये गेम घेतला आणि पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. झाडं पडली, लाईट गेली, मागोमाग इंटरनेटची केबलही तुटली. सगळं सुरळीत होऊन गेम उतरवला तेव्हा सोळावा दिवस होता. जेमतेम वीस मिनिटं खेळलो, सेव्हच होईना. सगळी हकीकत लिहून पाठवली, पडलेल्या खांबाचा फोटोही जोडला. उत्तर चार तासांत आलं, मुदत संपली आहे. पुन्हा लिहिलं, तर शब्दन् शब्द तेच उत्तर.

हिशेब त्यांचा बरोबर असेल, पण माझं पत्र कुणी वाचलंच नाही याचं फार वाईट वाटलं. दादाने निदान साडी परत आणणाऱ्या बाईला बसवून, चहा देऊन नाही म्हटलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आता मी गेम घेत नाही. घ्यायचाच झाला तर गणपतीनंतर, आणि घेतला त्याच रात्री सुरू करून बघतो.