मिउरा घडीचा नकाशा: पावसाळ्यासकट सात महिन्यांनंतर

सिंहगड-राजगड-तोरणा परिसर, १:५०,०००, एटू आकार (म्हणजे साधारण ३० बाय २१ किमी), ९० जीएसएम (चौरस मीटरला ९० ग्रॅम) कागद. जून ते डिसेंबर वापरूनही घड्या जिथे छेदतात तिथे एकही भोक नाही. साध्या घडीचा नकाशा आधी तिथेच फाटतो, कारण दोन्ही दिशांच्या घड्या एकाच जागी दाटतात आणि घाईत एखादी उलटी दुमडली की कागदाचे तंतू तुटतात. मिउरा घडीत आडव्या घड्या सरळ नसून तिरक्या, नागमोडी असल्याने त्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत. शिवाय सगळ्या घड्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे एकच घडी उलटी पडत नाही. जपानचे कोर्यो मिउरा यांनी ही घडी १९७० साली मांडली. १९९५ साली अवकाशात गेलेल्या स्पेस फ्लायर युनिट या जपानी यानाचं सौर पटल याच पद्धतीने उलगडलं.

ही घडी घालायची अशी. लांब बाजूला समांतर ८४ मिमीच्या पाच पट्ट्या, पंख्यासारख्या. पंखा मिटल्यावर उरलेल्या एका पट्टीचे तिरक्या घड्यांनी सात भाग करायचे. पहिली घडी ८४ मिमी रुंदीत ९ मिमी तिरकी, म्हणजे लांब कडेशी ८४ अंश. दुसऱ्या घडीनंतर कड पुन्हा मूळ कडेला समांतर यायलाच हवी. मग सगळं उलगडा. खरं काम इथून पुढे: तिरक्या घड्या या घटकेला पट्टीगणिक वर-खाली झालेल्या असतात. एक नागमोडी रेघ पूर्ण वर, पुढची पूर्ण आत, अशा नखाने दाबून घ्या. सरळ रेघा आपोआप आलटून पालटून बसतात. ही पायरी गाळली तर कोपरे जवळ ढकलून नकाशा मिटत नाही, चुरगळतो.

तिरकेपणा कमी ठेवला तर घड्या पुन्हा एकावर एक येतात. जास्त ठेवला तर गठ्ठा पायऱ्यांसारखा पसरतो, खिशात मावत नाही. आप्पा बळवंत चौकातून कागद घेताना १३० जीएसएमच्या मोहात पडू नका, घडीवर शाई तडकते. लॅमिनेशन तर नकोच, घडीवर सुटतं आणि आत पाणी शिरतं.

खोट एकच, पण मोठी: हा नकाशा अर्धा उघडा राहत नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरच्या वाऱ्यात पूर्ण एटू कागदाचं शीड होतं. जर्मनीच्या फाल्क नकाशांत कागदाला चिरा देऊन पुस्तकासारखं हवं तेवढंच पान उलटता येतं, पण त्या चिरांच्या टोकांनाच कागद फाटत जातो. म्हणून राजगड-तोरणा धारेपुरता एफोर तुकडा साध्या घडीत वेगळा ठेवावा. मिउरा वाड्यातल्या ओसरीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर उघडावा.