मेगा बॅकडोअर रॉथ: जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत वापरून झालेलं मत

आम्ही न्यू जर्सीत राहतो, माझ्या ४०१केमध्ये (नोकरीतून मिळणारं अमेरिकेतलं निवृत्तीचं खातं) आफ्टर-टॅक्सची, म्हणजे टॅक्स कापलेल्या पगारातून नेहमीच्या मर्यादेवर आणखी पैसे भरायची सोय आहे हे मला चार वर्षं माहीतच नव्हतं. हे पैसे रॉथमध्ये, म्हणजे ज्या भागातली वाढ नंतर टॅक्स-फ्री मिळू शकते तिथे वळवणं, यालाच मेगा बॅकडोअर रॉथ म्हणतात. नवऱ्याच्या प्लॅनमध्ये ती नाहीच, त्यामुळे घरात कधी विषयच निघाला नाही. २०२५ च्या जानेवारीत सुरू केलं.

आधी हिशोब सांगते. २०२५ ला आपल्या नेहमीच्या ४०१केची मर्यादा २३,५०० डॉलर होती (पन्नाशीच्या आतल्यांना), पण आपले, कंपनीच्या मॅचचे (आपण भरतो त्याला जोडून कंपनी घालते ते) आणि आफ्टर-टॅक्सचे मिळून एकूण ७०,००० पर्यंत चालत होते. माझा मॅच साधारण ९,००० होतो, म्हणजे ३७,५०० ची जागा उरत होती. मी तेवढं भरत नाही हां, पगाराचे १० टक्के लावले, दर दोन आठवड्यांनी ६०० डॉलर कापले जातात.

आता खरा मुद्दा, नुसतं आफ्टर-टॅक्स भरून ठेवण्यात फार अर्थ नाही, कारण त्यावरच्या वाढीवर नंतर साध्या उत्पन्नासारखा टॅक्स लागतो, ते रॉथमध्ये कन्व्हर्ट केलं तरच मजा, मग पाच वर्षं आणि साडेएकोणसाठ वय दोन्ही पूर्ण झालं की वाढही टॅक्स-फ्री. मला वाटलं कन्व्हर्जन आपोआप होतं. नाही होत! माझ्या प्लॅनमध्ये ऑटो-कन्व्हर्ट वेगळं चालू करावं लागतं आणि साइटवर तो पर्याय सापडेना, शेवटी फोन केला तेव्हा पाच मिनिटांत झालं. तोपर्यंत तीन पेचेकचे १,८०० तसेच पडून होते आणि त्यावर ४१ डॉलर वाढले होते, त्या ४१ वर टॅक्स. पुढच्या जानेवारीत १०९९-आर हा टॅक्सचा फॉर्म येईल त्यात दिसतील. रक्कम छोटी आहे पण कुणी वर्षभर विसरलं तर छोटी राहणार नाही, म्हणून पहिल्याच दिवशी ते चालू करा. पगारातली कपात निवडायच्या फॉर्मवर 'रॉथ' आणि 'आफ्टर-टॅक्स' अशा दोन वेगळ्या ओळी असतात तेही नीट बघा, रॉथची ओळ त्या २३,५०० मध्येच मोजली जाते.

मार्चमध्ये बोनसमधूनही १० टक्के गेले, ते मी धरलं नव्हतं आणि त्या महिन्यात घरी पैसे पाठवायचे होते, ओढाताण झाली. एकदा कन्व्हर्ट झालं की उलटं फिरवता येत नाही, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर आधी तो करा, हे मनापासून सांगतेय. एप्रिलमध्ये बाजार पडला तेव्हा आकडा बघून पोटात गोळा आला, पण कपात थांबवली नाही आणि त्याचं आज बरं वाटतं.

एचआरला हेही विचारा की जास्त पगारवाल्यांची टेस्ट (ते बाकीच्यांच्या मानाने फार जास्त तर भरत नाहीत ना, ही प्लॅनची तपासणी) फेल झाली तर आफ्टर-टॅक्सचे पैसे परत येतात का, काही कंपन्यांत येतात. आणि ज्यांना दोन-तीन वर्षांत पुण्याला-नाशिकला परत जायचंय त्यांनी अमेरिकेत टॅक्स-फ्री म्हणजे भारतातही टॅक्स-फ्री असं धरून चालू नये, दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएशी आधी बोला, आरएनओआरच्या काळात (परतल्यावर सुरुवातीला भारतात 'रहिवासी, पण सामान्य रहिवासी नाही' असा टॅक्ससाठी दर्जा असतो तेव्हा) काय करायचं तेही तेव्हाच ठरवून ठेवा.

सध्या मुलीचं डेकेअर महागलं म्हणून मी १० चे ८ टक्के केलेत. ऑनलाइन दोन मिनिटांत झालं, पुढच्या पेचेकपासून लागू.