मुकुट छापलेला डॅक, चढवलेलं लेझर: जुना मरान्ट्झ सीडी-८० घेताना झालेली फसवणूक

जपानमधून वापरलेला मरान्ट्झ सीडी-८० हा सीडी प्लेअर मागवला गेला, तेव्हा विक्रेत्याने तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: मूळ एका मुकुटाचा टीडीए१५४१ए एस१ डॅक (डिस्कवरचे आकडे आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारा आयसी), 'नवीन लेझर', आणि २३० व्होल्टसाठी 'जुळणारा' ट्रान्सफॉर्मर. झाकण उघडल्यावर तिन्ही खोट्या निघाल्या. प्लेअर वाजत होता, कानाला छानही वाजत होता. म्हणूनच परत पाठवायची मुदत उलटेपर्यंत कोणाला शंका आली नाही. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. युक्त्या मात्र सगळ्यांनी ओळखायला हव्यात.

आधी मुकुटाचं. टीडीए१५४१ हा फिलिप्सचा १९८५च्या सुमाराचा १६ बिटचा डॅक, 'ए' ही त्याची सुधारित आवृत्ती. तयार आयसी तपासताना ज्यांची अगदी बारीक सिग्नलवरची रेषीयता (आकड्याच्या प्रमाणातच आउटपुट देणं) चांगली आली, ते निवडून त्यांच्यावर मुकुट छापला: एक मुकुट म्हणजे एस१, दोन म्हणजे एस२. आतली रचना तीच, २८ पाय तेच, +५, −५ आणि −१५ व्होल्टचा पुरवठाही तोच. त्यामुळे एस१च्या जागी साधा टीडीए१५४१ए बसवला तर प्लेअर बिनतक्रार चालतो. उत्पादन केव्हाच बंद झालंय, सुट्या एस१ला भरपूर पैसे मिळतात. मग खरा आयसी काढून वेगळा विकायचा आणि साध्याची पाठ घासून, वर काळा लेप देऊन, मुकुट छापून तो बोर्डावर लावायचा, हा धंदाच झालाय.

इथे पहिली खूण सोल्डरची होती. कारखान्यातल्या बोर्डावर सगळे सांधे एकसारखे असतात. डॅकच्या २८ पायांभोवती मात्र पिवळट फ्लक्स (सोल्डर पकडावं म्हणून लावतात तो राळेसारखा पदार्थ) साचला होता आणि दोन पायांजवळ तांब्याचा ट्रॅक उचलला गेला होता. दुसरी खूण तारखेची. आयसीवरच्या चार आकडी कोडमधून वर्ष आणि आठवडा कळतो. शेजारच्या एसएए७२२० या डिजिटल फिल्टर आयसीचा आणि इतर आयसींचा कोड जवळपासचा, डॅकचा मात्र कितीतरी वर्षं पुढचा. तिसरी खूण पृष्ठभागाची: साच्यातून निघालेल्या आयसीवरचा गोल खळगा तळाशी गुळगुळीत आणि काठाला धारदार असतो, इथे तो लेपाने अर्धा भरला होता. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवल्यावर कापूस काळा झाला आणि खाली आडवे ओरखडे दिसले. फक्त अक्षरं पुसट झाली तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका, खरी शाईसुद्धा ॲसिटोनने जाऊ शकते. काळा लेप सुटणं हा खरा पुरावा.

मोजमापही घेतलं. टेस्ट सीडीवरचा −९०.३१ डीबीचा, डिदर न केलेला (म्हणजे मुद्दाम बारीक गोंगाट न मिसळलेला) १ किलोहर्ट्झचा सूर लावला की फक्त तीन पातळ्या दिसायला हव्यात: वरची, शून्य आणि खालची. २ व्होल्ट आउटपुटच्या प्लेअरवर एक पायरी जेमतेम ८६ मायक्रोव्होल्टची असते, म्हणून ऑसिलोस्कोपच्या आधी कमी गोंगाटाचा, साधारण १००० पट वाढवणारा प्रीॲम्प हवा. पायऱ्यांच्या काठावरची थरथर डिजिटल फिल्टरची, तिची काळजी नको. इथे मात्र वरची पायरी खालचीपेक्षा स्पष्ट मोठी होती. एक ध्यानात ठेवा: एखादा चांगला साधा टीडीए१५४१ए ही चाचणी पास होऊ शकतो. नापास झाला तर गडबड नक्की, पास झाला म्हणून तो एस१ ठरत नाही.

लेझरची लबाडी जास्त घातक. सीडी-८०मध्ये सीडीएम-१ मार्क टू यंत्रणा आहे: झुलता हात, काचेचं भिंग. ती आज कुठेच बनत नाही. 'नवीन लेझर' म्हणजे दुसऱ्या प्लेअरमधून काढलेलं, किंवा क्वचित जुन्या साठ्यातलं. इथे भिंगावर धुराचा पातळ थर होता आणि लेझर करंटच्या प्रीसेटवर (करंट कमी-जास्त करायच्या छोट्या स्क्रूवर) स्क्रूड्रायव्हरच्या ताज्या खुणा. डायोड म्हातारा झाला की तेवढ्याच करंटवर कमी प्रकाश देतो. प्रीसेट फिरवून करंट चढवला की आरएफ, म्हणजे डिस्कवरून वाचलेला कच्चा सिग्नल, वाढतो, डिस्क झटक्यात वाचली जाते, विक्रेत्याचा व्हिडिओ सुंदर निघतो. डायोड मात्र झपाट्याने संपत जातो.

तपासायचं असं. आधी भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दाब न देता पुसा. लेझरची सेटिंग सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी मोजा आणि तिथल्या आकड्याशी ताडा. मग ऑसिलोस्कोपवर आरएफचा आय पॅटर्न (एकावर एक पडलेल्या लाटांची हिऱ्यांसारखी जाळी) पाहा, ०.५ मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजनवर. डिस्कवरची सर्वांत छोटी खूण ३टी म्हणजे सुमारे ०.६९ मायक्रोसेकंद, सर्वांत मोठी ११टी सुमारे २.५५, मधले हिरे स्वच्छ उघडे दिसले पाहिजेत. उंची पुरेशी पण हिरे धूसर, तर सिग्नल नुसता चढवलेला असू शकतो. भिंगात डोळा घालून 'लाल दिसतं का' हे बघू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, पण इजा करतो.

ट्रान्सफॉर्मर २३० ते ११० व्होल्टचा निघाला. जपानी प्लेअर १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे लाइन २५०वर गेली की त्यातून जवळपास १२० व्होल्ट निघतात, म्हणजे वीस टक्के जास्त. रेग्युलेटर तापतात, कपॅसिटर लवकर सुकतात. वेगळ्या वाइंडिंगचा, २३० ते १०० व्होल्टचा, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारा, बनवूनही मिळतो. ऑटो ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, त्यात मेन्सपासून विलगता नसते.

पैसे देण्याआधी झाकण काढून डॅकचा, त्याच्या सोल्डरच्या बाजूचा आणि शेजारच्या आयसींचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. थंड प्लेअरवर ७० मिनिटांच्या पुढची छापील डिस्क लावून पहिलं आणि शेवटचं गाणं न कापलेल्या व्हिडिओत दाखवायला सांगा, मग तासाभराने तेच पुन्हा. सीडी-आरडब्ल्यू वाचली नाही तर तक्रार करू नका, ती इतका कमी प्रकाश परावर्तित करते की हे प्लेअर तिच्यासाठी बनलेलेच नाहीत. पैसे ऑनलाइन गेल्यावर फसवणूक उघड झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती व विक्रेत्याशी झालेले संदेश हाताशी ठेवा.