कॉस्च्युम घेताना उभं माप कुणीच विचारत नाही

भुसावळला माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, बावीस वर्षं झाली. त्यामुळे कपडा हातात आला की मी आधी उलटा करून शिलाई बघते, किंमत नंतर. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं तेव्हा वाटलं, त्यात काय! माहेरी पाठीला डबा बांधून, परकर-पोलक्यावर विहिरीत शिकलेली बाई मी. पंजाबी ड्रेस घेऊन तलावावर गेले, तर पहिल्याच दिवशी परत पाठवलं. सुती चालत नाही. खरंच आहे म्हणा, सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचा तंतू सुटून पाण्यात जातो.

पहिला कॉस्च्युम ऑनलाइन मागवला. छाती ३८, तक्त्यात बघून एक्सएल. छातीला, कमरेला नीट बसला, पण खांद्यावर असा काचला की दहा मिनिटांत पट्ट्यांचे वळ. जांघेतही ओढ. एक नंबर मोठा मागवला तर छातीशी ढगळ. मग टेप घेतला. खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे वर, परत त्याच खांद्यापर्यंत. माझं हे उभं माप भरलं ६६ इंच. तक्त्यात हा रकानाच नव्हता! वन-पीस बसतो किंवा बसत नाही तो या मापावर. धड लांब असेल तर बाई काडीसारखी असली तरी तिला काचणारच. आणि आपण आरशासमोर उभ्या राहून पोटाला शिव्या घालतो.

दोन्ही परत करून जळगावला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, फ्रॉकवाला घ्या, सगळं झाकतो." झाकतो, पण कपडे बदलायच्या खोलीपासून पायऱ्यांपर्यंत. पाण्यात उतरलं की ती झालर छत्रीसारखी वर येते आणि हात मारताना मध्ये येते. तेवढ्या वीस पावलांसाठी टॉवेल गुंडाळला तरी भागतं. अर्थात ज्यांना ती वीस पावलंच अवघड वाटतात त्यांनी खुशाल फ्रॉक घ्यावा. घरी बसून राहण्यापेक्षा बरा.

मी घेतला अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, गडद निळा, पुढे चेनचा. ११५० रुपये. दुकानात ट्रायल रूम म्हणजे गोदामातला पडदा, त्याचे मार्क कापते. पण आतले कपडे न काढता घालून बघू दिला, हे चांगलं. हात वर केले, वाकले, उकिडवी बसले. गळ्याशी फट पडली नाही, मांडीवरून वर सरकला नाही. कोरडा असताना थोडा घट्टच हवा, पाण्यात सैलावतो. कापड ताणून ट्यूबलाइटसमोर धरलं. पलीकडची बोटं दिसली तर ओल्या अंगावर काय होईल ते सांगायला नको. फिकट रंगाला पुढून अस्तर नसेल तर हातही लावू नका.

लेबल जरूर वाचा. आधीच्या दोन्हींवर ८० टक्के नायलॉन, २० टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, होतं. मऊ लागतं, पण तलावातलं क्लोरिन ते इलास्टेन खातं आणि कापड ढिलं पडतं. रोज पोहायचं असेल तर पॉलिस्टर-पीबीटी बघा, हे इलास्टेनशिवायच ताणतं. अंगाला जरा कडक लागतं, टिकतं मात्र जास्त. माझा तोच आहे, दुसरा उन्हाळा चालू आहे. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढते, पिळत नाही, सावलीत टाकते. मे महिन्यात ज्या गच्चीवर आपल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळतात तिथे कॉस्च्युम टाकलात तर त्याचीही बिबडीच होईल.

सासूबाईंनी दोरीवर पाहिला तेव्हा म्हणाल्या, "काय व माय, हे घालशीन तू?" आता शेजारणींना त्या स्वतःच सांगतात, आमची सून पोहते.

माझ्या एका गिऱ्हाइकाने मनगट-घोट्यापर्यंतचा अंगभर सूट घेतला. वरचा अंगरखा पाण्यात फुगून पोटावर यायचा. मी आतून दोन नाड्या लावल्या, पॅन्टला बांधायच्या, पॉलिस्टरच्या दोऱ्याने. आता ती बिनघोर पोहते. तुम्ही असा सूट घेताना त्या नाड्या आहेत का बघा.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क बाईमाणूस काउंटरवर नाही म्हणून, बाकीचे पडद्याचे आणि मापांचे. डबल एक्सएलच्या पुढे त्यांच्याकडे काही नाही. बहिणीसाठी विचारलं, तर मुलगा म्हणाला, मागवून फोन करतो. त्याला तीन आठवडे झाले.