जुळ्यांचं सिझेरियन: नुसतं स्पायनल पुरेल की सीएसई लावावं?

एका बाळाच्या ठरवून केलेल्या सिझेरियनला भूल म्हणून स्पायनल (कमरेतून मणक्यातल्या पाण्यात टोचलेलं औषध) सोडून दुसरं काही निवडलं तर कारण विचारलं जातं. जुळ्यांच्या वेळी प्रश्न खरोखरच पडतो आणि तिळं असेल तर पडायलाच हवा. पर्याय चार: एकदाच दिलेलं स्पायनल, स्पायनल-एपिड्युरल एकत्र म्हणजे सीएसई (एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवतात), कळांसाठी आधीच लावलेल्या एपिड्युरलचा टॉप-अप (त्याच नळीतून वाढीव डोस) आणि जनरल, म्हणजे पूर्ण झोपवणारी भूल. खरी चुरस पहिल्या दोघांत आहे.

स्पायनलच्या वेगाला तोड नाही. 0.5 टक्के हेवी बुपिव्हाकेन 2 ते 2.2 मिली, फेंटानिल 15 मायक्रोग्रॅम, हवं तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन 100 मायक्रोग्रॅम. पाच ते दहा मिनिटांत ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, टी4 पर्यंत (स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत) जातो, दोन्ही बाजूंना सारखा बसतो, आणि 27 नंबरची पेन्सिल पॉइंट सुई वापरली तर डोकेदुखीची तक्रारही क्वचितच येते. बीपी पडणारच हे गृहीत धरून बीपी धरून ठेवणाऱ्या फिनाइलेफ्रिनचं इन्फ्युजन औषध देताक्षणीच मिनिटाला 25 ते 50 मायक्रोग्रॅमनं सुरू करावं, आकडा घसरायची वाट पाहू नये. उजव्या कुल्ल्याखालची उशी पहिलं बाळ आलं म्हणून काढायची नाही. दुसरं अजून आत आहे आणि पोटातल्या मोठ्या शिरेवरचा भार पूर्ण हललेला नाही.

अडचण डोसची आहे. जुळ्यांत स्पायनल जास्त वर चढतं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत वर गेलेलं दिसलं, काहींत एका बाळाइतकंच. त्यामुळे हात आखडतो. बुपिव्हाकेन 8 मिग्रॅवर (1.6 मिली) थांबलात तर बीपी बरं राहतं, पण ब्लॉक लवकर उतरतो. 12 दिलंत तर वेळ मिळतो, पण बीपी सांभाळताना धावपळ होते, हातांना मुंग्या येतात आणि बाई म्हणते, ‘डॉक्टर, श्वास पुरत नाहीये.’ दिलेला डोस परत घेता येत नाही, त्यात भरही घालता येत नाही.

पारडं फिरवणारी कटकट मात्र वेळेची आहे. कागदावर स्पायनल दीड-दोन तास चालतं. जुळ्यांचं सिझेरियन नीट पार पडलं तर त्याच्या निम्म्या वेळात पोट शिवून होतं. पण ताणलेलं गर्भाशय आकसायला नाखूश असतं. मसाज, दुसरं औषध, तिसरं औषध, मग गर्भाशय आवळून धरणारा बी-लिंचचा टाका. आधीचं सिझेरियन असेल तर चिकटलेली आतडी सोडवण्यात सुरुवातीची वीस मिनिटं गेलेलीच असतात. सव्वा तासाच्या आसपास बाई खांदे हलवायला लागते. आधी ‘ओढल्यासारखं होतंय’, मग ‘दुखतंय’. हातात उरतं काय? केटामिन 10-20 मिग्रॅ, थोडं फेंटानिल, सर्जनला जखमेत लोकल टोचायची विनंती, नाहीतर जनरल. म्हणजे रक्त जात असताना, घसा सुजलेला असताना, रिकामं न मानता येणाऱ्या पोटावर नळी घालायची. जनरलसाठी याहून वाईट मुहूर्त सापडणार नाही. हा प्रसंग रोज येत नाही हे खरं, पण जुळ्यांत तो अनपेक्षितही म्हणता येत नाही.

म्हणून माझा कल सीएसईकडे, तिच्या सगळ्या खोडी मान्य करून.

खोडी कमी नाहीत. 18 नंबरची टूही (एपिड्युरलची जाड सुई) आत गेली, सलाइननं रेझिस्टन्स सुटला म्हणजे एपिड्युरल जागा सापडली, त्यातून लांब स्पायनल सुई गेली, मणक्यातल्या पाण्याचा थेंब दिसला, औषध दिलं. इथून घड्याळ सुरू. बाई अजून बसलेली आहे आणि हेवी औषध खाली खाली बसतंय. कॅथेटर सरकेना, टूही थोडी वळवली, तरी सरकेना, असं करता करता दोन-तीन मिनिटं गेली की झोपवल्यावर कुल्ले आणि पाय पार बधिर, पण वरची पातळी टी4 च्या बरीच खाली, टी8 ला अडकलेली. त्यामुळे मिनिटभराची मर्यादा स्वतःला आधीच घालून घ्यावी. कॅथेटर गेलं नाही तर सगळं काढा, बाईला झोपवा आणि स्पायनलवर पुढे चला. याच शक्यतेपोटी 7 मिग्रॅसारखा अगदी छोटा डोस मला धाडसाचा वाटतो. 9 ते 10 मिग्रॅ ठेवावं, म्हणजे कॅथेटर हुकलं तरी किमान बाळं बाहेर येईपर्यंत ब्लॉक उभा राहतो.

कॅथेटर जागेत चार-पाच सेंमी राहू द्यावं. पातळी टी4 ला पोचली नाही तर सुरुवातीला 5 ते 10 मिली सलाइननंही ती चढते, कारण बाहेरून ड्युरा (त्या पाण्याभोवतीचं आवरण) दाबला जाऊन आतलं औषध वर सरकतं. स्पायनल उतरायला लागल्यावर ही युक्ती चालत नाही, तेव्हा औषधच द्यावं लागतं. आधी सिरिंज ओढून रक्त किंवा पाणी येत नाही ना हे पाहून 2 टक्के लिग्नोकेन-अ‍ॅड्रिनॅलिन 5 मिली आणि पाच मिनिटांनी दोन्ही बाजू तपासायच्या. रक्तस्राव चालू असेल तर तीन-तीन मिली. पहिला टॉप-अप साठाव्या मिनिटाच्या पुढेमागे, दुखायच्या आधी.

सीएसईवरचा सर्वांत रास्त आक्षेप असा की ते कॅथेटर पारखलेलं नसतं. स्पायनलच्या आड ते चालतंय की नाही कळत नाही आणि गरज पडेल तेव्हाच पितळ उघडं पडू शकतं. मान्य. तरीही न पारखलेलं कॅथेटर असणं हे मुळीच नसण्यापेक्षा बरं, असं वाटतं. टूहीनं ड्युरा फाटला तर मात्र निम्म्याहून अधिक बायकांना डोकेदुखी होते. ज्याचा हात एपिड्युरलवर बसलेला नाही त्यानं केवळ जुळी आहेत म्हणून सीएसईचा हट्ट धरू नये.

कळांमध्ये एपिड्युरल आधीच लागलेलं असेल तर वादच नको, ते वापरा. पहिलं बाळ खालून झालं आणि दुसरं आडवं पडलं तर 2 टक्के लिग्नोकेन 15 ते 20 मिली, दर 10 मिलीमागे असर लवकर यावा म्हणून 8.4 टक्के बायकार्ब 1 मिली, अ‍ॅड्रिनॅलिनसह. दहा मिनिटांच्या आत काम होतं. (बायकार्ब बुपिव्हाकेनमध्ये घालू नका, साका धरतो.) एका बाजूला कच्चं राहिलेलं एपिड्युरल कळांमध्येच बदलून घ्यावं. अख्खा टॉप-अप फसल्यावर त्यावर पूर्ण डोसचं स्पायनल दिलं तर ब्लॉक मानेपर्यंत जायची भीती असते.

जनरलची जागा ठरलेली: नाळ खाली घसरलेली, प्लेटलेट पडलेले, रक्त वाहतंय. जुळ्यांत ऑक्सिजनचा साठा आणखी तोकडा, म्हणून मास्क घट्ट धरून तीन मिनिटं पूर्ण द्यावीत. जनरलची एक जमेची बाजू म्हणजे व्हेपरनं (श्वासातून दिलेल्या भुलीच्या वाफेनं) गर्भाशय सैल होतं आणि अडकलेलं दुसरं बाळ काढायला सोपं जातं. पण तोच व्हेपर नंतर रक्तस्राव वाढवतो, म्हणून बाळं येताच अर्ध्या मॅकच्या (मॅक हे व्हेपरच्या मात्रेचं माप) आसपास उतरवावा. जागेपणी हेच काम नायट्रोग्लिसरीन 100 मायक्रोग्रॅम शिरेतून मिनिट-दोन मिनिटांपुरतं करतं, त्यामुळे एवढ्यासाठी जनरल निवडायचं कारण नाही.

भूल कुठलीही असो, पहिलं बाळ रडलं की सवयीनं हात गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या सिरिंजकडे जातो. गर्भाशय दुसऱ्या बाळाभोवतीच आवळलं तर पंचाईत. सिरिंज ट्रेच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी आणि सर्जननं ‘दुसरं आलं’ असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय उचलू नये. मग कळा नसलेल्या बाईला हळूहळू 1 युनिट आणि पुढे ताशी 2.5 ते 7.5 युनिटचं इन्फ्युजन. कळांमधून आलेल्या बाईला 3 युनिट, किमान तीस सेकंदांत.

सीएसई निवडलीत तर एक काम नंतरचंही अंगावर येतं. मोठा रक्तस्राव झाला असेल तर प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहिल्याशिवाय कॅथेटर ओढायचं नाही. रक्ताची गुठळी टाळण्यासाठीचा हेपरिनचा प्रतिबंधक डोस, म्हणजे एनोक्सापॅरिन, आधीच गेला असेल तर बारा तास थांबायचं आणि कॅथेटर काढल्यावर पुढचा डोस चार तासांनी. वॉर्डच्या कागदावर हे ठळक लिहून ठेवा, कारण रात्रीच्या पाळीला पाठीवरची ती पट्टी दिसत नाही.