तीनशे रुपयात तीन दिवस टॉम विल्किन्सन : सिनेमे फुल मार्क, खुर्च्यांना शून्य

पणजीत एका छोट्या फिल्म ग्रुपने शुक्र-शनि-रवि असे तीन दिवस टॉम विल्किन्सनचे तीन सिनेमे दाखवले, तिन्हींचा मिळून पास ३०० रुपये. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि ती पोरं बिचारी पदरमोड करून हे सगळं करतात.

आता हा टॉम कोण तर नाव सांगून कोणालाच कळत नाही, चेहरा बघितला की सगळे "अरे हा होय!" करतात. बॅटमॅन बिगिन्समधला माफिया फाल्कोनी हाच, आणि बेस्ट एक्झॉटिक मॅरीगोल्ड हॉटेलमध्ये जुन्या मित्राला शोधत राजस्थानात येतो तो रिटायर्ड जज्ज पण हाच. इंग्लंडचा नट, मूळचा यॉर्कशायरचा, लीड्सकडचा, ३० डिसेंबर २०२३ ला गेला, ७५ वर्षांचा होता. हिरो क्वचितच झाला पण ज्या सीनमध्ये असेल त्यात नजर त्याच्यावरच जाते.

शुक्रवारी द फुल मॉन्टी (१९९७). मी बाबांना घेऊन गेलेलो. आम्ही डिचोलीचे, बाबांचे दोन ट्रक मायनिंगला होते, २०१२ ला मायनिंग बंद झालं तेव्हा एक विकला, मग थोडं चालू झालं म्हणून दुसरा ठेवला आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली तेव्हा तोही गेला. इंग्लिश पिक्चर बाबा बघत नाहीत, मी म्हटलं कॉमेडी आहे चला. स्टोरी माहीत असेलच, शेफील्डच्या स्टील मिल बंद पडल्यात, बेकार झालेले सहा जण पैशासाठी स्टेजवर कपडे काढायचं ठरवतात. विल्किन्सन त्यातला जेरल्ड, आधीचा फोरमन. नोकरी जाऊन सहा महिने झाले तरी बायकोला सांगितलेलं नाही, रोज टाय बांधून बॅग घेऊन बाहेर पडतो, आणि ती तिकडे क्रेडिट कार्डवर खरेदी करतेय!

हे बघताना बाबा एकदम गप्प झाले. आमच्या वाड्यावर एक काका होते, खाणीवर सुपरवायझर, बंद झाल्यावर पण बरेच दिवस सकाळी डबा घेऊन निघायचे आणि साखळीच्या बाजारात बसून संध्याकाळी परत यायचे, सगळ्या वाड्याला माहीत, फक्त घरात माहीत नाही. इंटरव्ह्यूच्या सीनला हॉल हसत होता, खिडकीबाहेर मित्र त्याच्याच बागेतल्या बुटक्यांच्या मूर्ती नाचवत असतात आणि आत ह्याची वाट लागते. पण नंतर तो त्या मित्रांवर ज्या पद्धतीने तुटून पडतो ना, तिथे हसू घशातच अडकलं. रडत नाही काही नाही, फक्त चेहरा सैल पडतो. ह्या रोलला त्याला बेस्ट सपोर्टिंग ॲक्टरचा बाफ्टा (ब्रिटनचा मोठा फिल्म अवॉर्ड) मिळाला. बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "त्या माणसाला टाय सोडवत नव्हता बघ."

तक्रार नंबर एक इथेच. सबटायटल नव्हते! शेफील्डच्या लोकांचं इंग्लिश मला अर्धं कळत नव्हतं, बाबांना कुठून कळणार, मी कानात सांगत होतो आणि मागचे काका शू शू करत होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर लावले, हे मात्र मानलं.

शनिवारी इन द बेडरूम (२००१). नाव ऐकून बाबा आले नाहीत, हाहा. खरं तर ते नाव शेवंडं पकडायच्या सापळ्यावरून आहे, आतल्या कप्प्याला तिकडचे कोळी बेडरूम म्हणतात, दोनपेक्षा जास्त शेवंडं आत गेली की मारामारी. अमेरिकेतल्या मेन राज्यातला डॉक्टर, तरुण मुलाचा खून होतो, मारणारा जामिनावर सुटून त्याच गावात फिरतोय. हा लीड रोल, बेस्ट ॲक्टरचं ऑस्कर नॉमिनेशन पण मिळालं. सिसी स्पेसेकबरोबरचं भांडण बघाच, मुलगा कोणामुळे गेला ह्यावरून नवरा-बायको एकमेकांना सोलून काढतात आणि मध्येच बेल वाजते, दारात शाळकरी मुलगी चॉकलेट विकायला उभी. सिनेमा लांबतो, मधला अर्धा तास नुसती शांतता, झोप येऊ शकते. मला नाही आली कारण प्लास्टिकच्या खुर्चीत झोपणं शक्यच नाही, कंबर अजून दुखतेय.

रविवारी मायकल क्लेटन (२००७). हिरो जॉर्ज क्लूनी, पण सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर आवाज येतो तो विल्किन्सनचा. तो आर्थर, केमिकल कंपनीचा वकील, सहा वर्षं कंपनीची बाजू लढवून एक दिवस डोकं फिरतं, भर जबानीत कपडे काढतो. म्हणजे तीन दिवसात दुसऱ्यांदा, शेजारचा माणूस म्हणाला ह्याला कपड्यांचं वावडं आहे की काय! वेडा की शहाणा हे तो शेवटपर्यंत कळू देत नाही. गल्लीत क्लूनी त्याला गाठतो तेव्हा ह्याच्या हातात लांब पावांची भली मोठी पिशवी, पोदेराकडून (पाववाल्याकडून) आख्ख्या वाड्याचे पाव आणल्यासारखी, आणि बोलायला लागतो तेव्हा डोकं लखलखीत चालतंय. आपल्याला आणखी एक मजा, हा स्वतःला शिव म्हणवतो, मृत्यूचा देव. मंगेशीला जाणारी माणसं आपण, हॉलमध्ये खसखस पिकली. आणि नेमका ह्या गल्लीच्या सीनला मध्यांतर!! कोणी ठरवलं देव जाणे, चहा पण थंड होता.

थोडक्यात सिनेमे ५ पैकी ५, व्यवस्था अडीच. पार्किंग मिळत नाही, टू-व्हीलरच न्या, डिचोलीकडचे असाल तर शेवटच्या बसवर अवलंबून राहू नका. चहा आत घेऊ नका, बाहेर गाड्यावर रस-ऑम्लेट खा. पुढच्या महिन्यात परत काहीतरी लावणार म्हणतात. बाबांनी विचारलंय, सबटायटल पहिल्या दिवसापासून असतील का ते आधी फोन करून विचार.